विचारा की! : इंग्रजी शिकवायला परदेशी जायचंय

गेल्या महिन्यात याच पानावर मी बोलता बोलता लिहून गेले की थायलंडला उडॉन थानीत चार वर्षं आणि नंतर व्हिएतनामला हाय फाँगमध्ये तीन वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवायचे. तेव्हापासून जे मेसेज सुरू झालेत ते थांबायचं नाव नाही. कोणी मुलीसाठी विचारतंय, कोणी नवऱ्यासाठी, एका काकांनी तर स्वतःसाठी विचारलंय. सगळ्यांना उत्तर द्यायचं तर मला अंकच वेगळा काढावा लागेल, म्हणून हे सहा निवडलेत. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

ताई, मी लातूरचा, वय २७, एम.ए. इंग्लिश, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास. दहावीपर्यंत मराठी मीडियम. दोन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने, शिकवतोय, पगार कधी येतो कधी नाही. पुण्यातला एक एजंट म्हणतो की १ लाख ८० हजार द्या, थायलंड किंवा व्हिएतनामला टीचर म्हणून लावतो, टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि तिथे गेल्यावर तो कन्व्हर्ट होतो. घरचे शेत गहाण ठेवायला तयार आहेत. जाऊ का? आणि माझा ॲक्सेंट अगदी गावाकडचा आहे, तो चालेल का?

शेत गहाण टाकू नकोस. हे आधी घरी सांग आणि मग पुढचं वाच.

आता नीट सांगते. टुरिस्ट व्हिसावर तिथे शिकवणं बेकायदा आहे, थायलंडला पण आणि व्हिएतनामला पण. गोंधळ असा होतो की एजंट पूर्ण खोटं बोलत नसतो. खूप जण आधी फिरायला म्हणून जातात, शाळा शोधतात, शाळा कागद देते, मग शेजारच्या देशात जाऊन खरा व्हिसा घेऊन परत येतात. मी स्वतः उडॉनहून बसने नाँग खायला गेले, मेकाँगवरचा पूल ओलांडून व्हिएन्टिएनला दोन दिवस राहिले आणि तिथल्या थाई वकिलातीतून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा व्हिसा घेऊन आले. पण माझ्या हातात शाळेचं पत्र होतं. एजंट जेव्हा म्हणतो ‘तिथे गेल्यावर बघू’ तेव्हा शाळेचं नाव काय, पत्र कुठाय, वर्क परमिट कोण काढणार, हे तीन प्रश्न विचार. तो चिडला तर तुला उत्तर मिळालं.

पैशाचं पण ऐक. भारतातून बाहेर नोकरीला लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली सरकारी रजिस्ट्रेशन लागतं, आणि रजिस्टर्ड एजंट तुझ्याकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. तुझा एजंट सहापट मागतोय! परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे, त्याचं नाव त्यात टाकून बघ. आणि घाबरवायला नाही सांगत, पण २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली होती, थायलंडला नोकरी म्हणून नेलेली आपली पोरं तिथून म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्याला जुंपली होती. ती पोरंही शिकलेली, इंग्रजी बोलणारीच होती.

आता खरा मुद्दा, जो तुला एजंट सांगणार नाही कारण त्याचा धंदा बसेल. तुझं इंग्रजी किती चांगलं यापेक्षा तुझा पासपोर्ट कुठला हे आधी बघितलं जातं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. चीनमध्ये पण साधारण हाच खाक्या. आपण त्या यादीत नाही. आपल्याकडे कोर्टाचे निकाल इंग्रजीत लागतात, इंजिनिअरिंग इंग्रजीत शिकतो, तरी नाही. याचा राग येतो, मलाही यायचा, पण राग घेऊन व्हिसा मिळत नाही, म्हणून जिथे दार आहे तिथेच जायचं.

थायलंड आणि व्हिएतनामला दार आहे, फक्त आपल्यासाठी उंबरठा थोडा उंच आहे. व्हिएतनामच्या लँग्वेज सेंटरमध्ये नॉन-नेटिव्ह, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला डिग्री लागते, शिकवण्याचं सर्टिफिकेट लागतं आणि वरून इंग्रजीची सी-१ लेव्हल सिद्ध करावी लागते, म्हणजे आयेल्ट्स परीक्षेत ७ किंवा त्याच्या वर. नेटिव्ह माणसाला ही शेवटची परीक्षा माफ. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर तिथल्या टीचर्स कौन्सिलचं, म्हणजे खुरुसफाचं लायसन्स किंवा तात्पुरती परवानगी लागते आणि आपल्यासारख्यांकडून बहुतेक शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा ६०० च्या पुढचा स्कोअर मागतात. तू सेट पास झालेला आहेस, तुला टोइक जड नाही, आयेल्ट्सला मात्र दोन महिने अभ्यास कर, विशेषतः रायटिंगचा, आपले एम.ए. इंग्लिशवाले तिथेच आपटतात कारण आपण वर्ड्सवर्थवर पाच पानं लिहू पण ग्राफ बघून दीडशे शब्द लिहायचे म्हटलं की हात थबकतो.

पैसे किती मिळतात? थायलंडच्या छोट्या शहरात भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांना साधारण २० ते २५ हजार बाट मिळतात, बाट अडीच रुपयांच्या वर धर, हिशोब तूच कर. शेजारच्या वर्गातला गोरा पोरगा, जो कालपर्यंत कुठेतरी बारटेंडर होता, तो तेच पुस्तक शिकवून ३५ हजार नेतो. हे तुला दिसणार, रोज दिसणार, स्टाफरूममध्ये शेजारी बसून दिसणार, तेव्हा मनाची तयारी करूनच जा. आपल्याकडे शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झालं, ते पण पवित्र पोर्टलवर नंबर लागला तर. सीएचबीचं तुला मी काय सांगू. म्हणजे तिकडे जाऊन तुझं नुकसान नाही, पण तीन वर्षांत फ्लॅट घेशील असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे.

कागदांचं काम मात्र आजपासून सुरू कर, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. तुझी डिग्री नांदेडच्या विद्यापीठाची असणार, तिचं व्हेरिफिकेशन, मग राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. काही देशांना ॲपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशात चालणारा शिक्का, पुरतं, काहींना वर त्यांच्या दूतावासाचा शिक्का हवा असतो, हे शाळेलाच लेखी विचारायचं. ॲपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे फक्त ५० रुपये आहे, बाकी जे हजारो सांगतात ते धावपळीचे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये, पण ते फार आधी काढून ठेवू नकोस, शिळं झालेलं घेत नाहीत.

शाळा कधी शोधायची? थायलंडचं वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं, दुसरं सेमिस्टर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे भरतीचे महिने. खिशात तीन महिन्यांचा खर्च पाहिजे, कारण पहिला पगार महिना संपल्यावर आणि खोलीचं डिपॉझिट त्याच्या आधी.

राहिला तुझा ॲक्सेंट. अरे, गावाकडचा म्हणजे काय? आपण मराठी माणसं व्ही आणि डब्ल्यू एकच करतो, अंगातला व्हेस्ट आणि दिशेचा वेस्ट आपल्या तोंडून सारखाच निघतो. तेवढं आरशासमोर बसून सुधार, खालचा ओठ दाताला लावून व्ही, ओठांचा चंबू करून डब्ल्यू, पंधरा दिवसांचं काम आहे. पण त्या पोरांचे प्रॉब्लेम वेगळेच असतात आणि ते तुला चटकन कळतील. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’ येत नाही, तिथे ‘न’ होतो, म्हणून फुटबॉलचं फुटबॉन. व्हिएतनामी पोरं शेवटचं व्यंजनच गिळतात, नाइस, नाइट, नाइन सगळं ‘नाय’. पहिल्या आठवड्यात मला वाटलं वर्गातली सगळी पोरं मराठीत नकार देतायत! तू स्वतः पाचवीत एबीसीडी शिकून एम.ए. झालायस ना, मग ‘डिड’ लावल्यावर क्रियापदाला ‘एड’ का लावायचं नाही हे पोराला का कळत नाही ते तुला माहितीये. ज्याला इंग्रजी पाळण्यात मिळाली त्याला ते कळत नाही, तो म्हणतो ‘इट जस्ट साऊंड्स राँग’ आणि पुढे जातो. माझ्या शाळेत ग्रामरचे तास गुपचूप माझ्याकडे आणि फिलिपिनो बाईंकडे सरकवले जायचे. पगार मात्र नाही सरकवला.

आणि माझी फजिती पण ऐकून ठेव. व्हिएतनामला मी पहिल्या ज्या सेंटरमध्ये लागले (नाव नको) तिथे ‘वर्क परमिट होऊन जाईल’ म्हणत म्हणत तीन महिने काढले आणि एक दिवस तपासणीला माणसं आली तेव्हा मॅनेजरने मला मागच्या दाराने सामानाच्या खोलीत पाठवलं. एम.ए., बी.एड., नऊ वर्षांचा अनुभव, आणि मी खोक्यांच्या मागे फोन सायलेंट करून बसले होते. त्याच रात्री ठरवलं की परमिट नाही तर वर्ग नाही, पुढच्या शाळेत परमिटचा कागद बघूनच रुजू झाले. तू पहिल्यापासूनच तसं कर.

माझी मुलगी २३ वर्षांची, नाशिकला सीबीएसईतून शिकली, बी.ए. झाली. कोरियन सीरियल बघून बघून आता म्हणते सोलला जाऊन इंग्रजी शिकवणार, नाहीतर जपान. आम्ही नाही म्हटलं तर जेवत नाही. काय करावं?

जेवेल हो. कोरियाचं वर लिहिलंय, यादीत आपण नाही. एक बारीक फट आहे, भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू झाला त्यात भारतीयांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची तरतूद आहे, पण त्याला इंग्रजीतली शिक्षकाची पदवी, म्हणजे आपलं बी.एड. लागतं, आणि भारतीयांना घेणाऱ्या जागा प्रत्यक्षात अगदी थोड्या. तेव्हा नुसत्या बी.ए.वर सोल नाही.

जपान तिच्यासाठी जास्त खरं आहे. तिथे इंग्रजी शिकवायला येणाऱ्या नॉन-नेटिव्ह माणसाकडून १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात. तुमच्या मुलीकडे तो आहे. (लातूरच्या मुलाकडे नाही, म्हणून त्याला मी जपानचं नावच काढलं नाही.) सरकारी शाळांमध्ये असिस्टंट लँग्वेज टीचर म्हणून काम असतं, जपानी शिक्षक मुख्य आणि ही मदतनीस, १९८७ पासून चालू असलेल्या जेट प्रोग्रॅममुळे हे पद तिथे रुळलंय आणि खासगी कंपन्याही अशी माणसं शाळांना पुरवतात. शाळेकडून बारावीपर्यंतचं माध्यम इंग्रजी होतं असं लेटरहेडवर लिहून आणायला सांगा, आणि जपानी शिकायला आजच बसवा. शिकवायला लागत नाही, पण गॅसवाल्याशी, घरमालकाशी, डॉक्टरशी बोलायला लागतं. टोकियोत निशी-कासाईच्या आसपास आपले लोक भरपूर आहेत, त्याच एडोगावा भागातून योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आले होते, पण पोरीला टोकियोच मिळेल असं धरू नका. बहुतेकांना कुठलं तरी भातशेतीतलं गाव मिळतं, जिथे संध्याकाळी सातला रस्ता सामसूम. हे तिला सांगून बघा, तरी जायचं म्हणाली तर जाऊ द्या.

१२० तासांचा ऑनलाइन टेफल, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स ३ हजारात मिळतोय, ‘जगभर मान्य’ लिहिलंय. करू का? केंब्रिजचा सेल्टा कोर्स लाखाच्या वर जातो. – कल्याण

‘जगभर मान्य’ असं काही नसतं, टेफलला मान्यता देणारी एकच एक जागतिक संस्था अस्तित्वातच नाही, त्यामुळे ते कोणीही छापू शकतं. तरी तीन हजारांचा कोर्स अगदीच वाया नाही, आधीच बी.एड. असेल आणि शाळेला फाइलमध्ये एक कागद हवा असेल तर तेवढं काम तो करतो. पण व्हिसावाले त्या कागदाचं पण अटेस्टेशन मागतात, तेव्हा तो कोर्सवाला ते करून देणार का हे पैसे भरायच्या आधी विचारा, बहुतेक जण तिथेच गप्प होतात.

सेल्टामध्ये १२० तासांतले ६ तास तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता आणि मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. फरक एवढाच आहे आणि तोच मोठा आहे. मी केला तेव्हा दुसऱ्या दिवशी रडले होते, कारण ४५ मिनिटांतली ३० मिनिटं मीच बोलत होते. आपली सवय ना, फळा आणि भाषण! पैसे नसतील तर हैदराबादच्या इफ्लूचा, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठाचा पीजीसीटीई कोर्स बघा, इंग्रजी शिकवण्याचं आपल्याकडचं ते जुनं आणि भक्कम नाव आहे. नोकरीसाठी परदेशी सेंटरवाले त्याला सेल्टाइतकं ओळखतील असं नाही, पण शिकवायला मात्र तुम्ही शिकाल.

आम्ही दोघं नवरा-बायको बी.एड., सहा आणि आठ वर्षं अनुभव, सोलापूर. दुबईच्या एका इंडियन स्कूलची ऑफर आलीय. पगारात बेसिक कमी आणि अलाउन्स जास्त दाखवलेत. चालतं का?

तुमच्यासारख्यांनी खरं तर थायलंडचा विचारच करू नये, आखातच बघावं. तिथल्या सीबीएसई शाळांना आपला पासपोर्ट नाही, आपलं बी.एड. आणि वर्षं हवी असतात, तिथे आपण दुय्यम नाही.

बेसिकचं तुम्ही बरोबर हेरलंत. यूएईमध्ये नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पण तो बेसिकवर धरतात. बेसिक जितका बारीक तितकी शेवटी हातात येणारी रक्कम बारीक. भांडा, निदान एकदा तरी भांडा. मग विचारा की घर देतायत की घरभाडं, मुलाची फी माफ आहे का, वर्षाला तिकीट कितीजणांचं, जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार आहे का. ऑफर लेटर आणि तिथे सरकारात नोंदवलेलं कॉन्ट्रॅक्ट यांचे आकडे जुळले पाहिजेत. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे, कोणी मागितला तर गोड बोलून द्यायचा नाही. दोघांची ऑफर एकदम आली तरच दोघं जा, नाहीतर एकाने आधी जाऊन वर्षभर बघावं. डिग्रीला यूएई दूतावासाचं अटेस्टेशन लागतं, ते सोलापुरात बसून एका आठवड्यात होत नाही.

मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. थायलंड-व्हिएतनामला उपाशी मरेन का? – सांगली

नाही मरणार, पण पहिला महिना केळी आणि भातावर निघेल. थायलंडला ‘चे’ हा शब्द शिका, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, आपल्या आजीला चाललं असतं असं. बाकी ठिकाणी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, हे म्हणायचं, नाहीतर पपईच्या कोशिंबिरीतही मासा असतो. व्हिएतनामला ‘चाय’ लिहिलेली हॉटेलं शोधा, चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कितीतरी लोक शाकाहारी जेवतात, त्या दिवशी तर तुमची चंगळ. छोटा कुकर आणि हिंग बरोबर न्या.

जि.प. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, वय ५९. मुलगा न्यू जर्सीला आहे, सहा महिने जाणार आहोत. तिथे बाहेरून आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवून थोडे पैसे मिळवता येतील का? आणि तुम्हाला तिकडची मुलं काय म्हणून हाक मारायची? – एक वाचक, संगमनेर

सर, व्हिजिटर व्हिसावर एक डॉलरही कमवायचा नाही, मुलाच्या नोकरीला त्रास होईल असं काही करू नका. वेळ जात नसेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात विचारा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अमेरिकेत जागोजागी भरतात, शनिवार-रविवारी, आणि त्या बहुतेक आई-वडीलच चालवतात. बाराखडी घोटून घेणारा माणूस आला तर ते तुम्हाला सोडणार नाहीत. पण तिथेही आधी व्हिसाचं विचारून घ्या, आणि मानधन-बिनधन काही नको.

हाकेचं म्हणाल तर थाई लोक भारतीयाला ‘खॅक’ म्हणतात. खॅक म्हणजे पाहुणा. कधी प्रेमाने म्हणतात, कधी नाक मुरडून, ते आवाजावरून ओळखायचं. वर्गात मात्र मी चार वर्षं ‘थीच्चाऽऽ’ होते. सकाळी चाळीस पोरं उभी राहून एका सुरात ‘गुड मॉर्निंग थीच्चाऽऽ’ म्हणायची, मी ‘सिट डाऊन’ म्हटलं की ‘थँक यू थीच्चाऽऽ’ म्हणून बसायची. अगदी आपल्या जि.प. शाळेतल्यासारखी, सर.